घरकुल काळीवर, पाया १५ हजारात : भिंतीला तडा जातो तो इथूनच

विश्लेषण | ग्रामीण

उन्हाळा तापला की काळ्या रानाला हातभर भेगा पडतात, हे आपल्याला नवीन नाही. पण याच दिवसांत गावागावांतल्या नव्या घरांत आणखी एक गोष्ट दिसायला लागते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा वर निघालेला तडा. दाराची चौकट तिरकी झालेली. मधली फरशी फुगून वर आलेली. घरमालक गवंडी बोलावतो, तड्यात सिमेंट भरतो, रंग मारतो. दोन हजार-चार हजार जातात. पुढच्या उन्हाळ्यात तडा परत तिथंच.

मग बोलणी सुरू होतात. कुणी म्हणतं गवंड्यानं सिमेंट खाल्लं, कुणी म्हणतं वीट कच्ची होती, कुणी म्हणतं भूकंपाचा हादरा बसला. यातलं काही कुठं खरंही असेल. पण परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात बहुतेक वेळा खरा धनी वेगळाच असतो. घराखालची काळी माती. आणि अडचण अशी की या मातीने केलेल्या नुकसानीला सरकारच्या कुठल्याच फाइलमध्ये जागा नाही. ना घरकुल योजनेत, ना आपत्तीच्या मदतीत. खर्च पूर्ण घरमालकाच्या अंगावर.

गाव पांढरीवर, वाढ काळीवर

जुनी माणसं गावाच्या जमिनीचे दोन भाग करायची. पिकवायची ती काळी आणि राहायची ती पांढरी. गावठाण पांढरीवर असायचं. ही माती फुगत नाही, फारशी आकसत नाही. माळवदावर टाकायलाही हीच माती. म्हणून शंभर वर्षांचे वाडे ओळंब्यात उभे राहिले.

आता गावठाण भरलं. भाऊबंदकीत जागेचे तुकडे झाले. नवीन वस्ती गायरानावर, रस्त्याच्या कडेला नाहीतर स्वतःच्या वावरात होते. ज्याला जागा नाही त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला पैसे मिळतात, पण त्या पैशात जी जागा मिळते ती बहुतेक वेळा गावाबाहेरचं काळं रानच. म्हणजे एका पिढीत आपण पांढरीवरून काळीवर राहायला आलो. घर बांधायची पद्धत मात्र पांढरीवरचीच राहिली : दोन-अडीच फूट खोदा, दगड भरा, भिंत उचला.

माती नेमकं काय करते

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. त्याची रचना वहीच्या पानांसारखी. पाणी मिळालं की पानांच्या मध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की पानं चिकटतात आणि माती आकसते. याच गुणामुळे ही जमीन पाणी धरते, कापूस आणि हरभरा नुसत्या ओलीवर काढते. जे पिकाला वरदान, तेच घराला शाप.

सगळी माती एकसारखी वरखाली झाली असती तर घरही सगळंच्या सगळं वरखाली झालं असतं, तडा गेला नसता. पण तसं होत नाही. घराच्या मधोमध ऊन पोचत नाही, तिथली माती ओलसर राहते. कडेची माती मात्र मे महिन्यात वाळून खाली बसते आणि पावसाळ्यात आधी फुगते. म्हणजे घराचे कोपरे दरवर्षी खाली-वर होतात आणि मधला भाग जागेवर राहतो. वीट-सिमेंटची भिंत वाकत नाही, ती फुटते.

त्यातही एकमजली हलक्या घराचे हाल जास्त. तीनमजली इमारत आपल्या वजनानं माती थोडीफार दाबून धरते. दोन खोल्यांचं घरकुल फुगणारी माती सहज उचलते. गरिबाचं घर आधी फुटतं त्यामागं हेही एक कारण आहे.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली माती खोलवर भिजली. जिथं जिथं पाणी घरांभोवती साचून राहिलं, तिथं पाया पूर्ण फुगून नंतर पूर्ण वाळण्याचं एक मोठं चक्र झालं. ओल आणि वाळणं यातला फरक जितका मोठा, तितका तडा मोठा. म्हणून मोठ्या पावसानंतर येणाऱ्या उन्हाळ्यात भिंतींकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

१५ हजारात पाया

आता योजनेकडे येऊ. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ पासून सुरू आहे. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२४ मध्ये केंद्राने योजना आणखी पाच वर्षं वाढवली, पण रक्कम तीच ठेवली. राज्याने २०२५ मध्ये आपल्याकडून ५० हजारांची वाढ जाहीर केली, त्यातले १५ हजार सौर यंत्रणेसाठी.

रकमेपेक्षा महत्त्वाची गोष्ट आहे हप्त्यांची. आपल्याकडे पहिला हप्ता १५ हजार मिळतो. पुढचा हप्ता जोतं, म्हणजे प्लिंथ, पूर्ण झाल्यावर आणि त्याचा जिओटॅग फोटो चढवल्यावर. म्हणजे खोदाई, दगड, काँक्रीट, जोत्याची भर, सगळं १५ हजारात किंवा उधारीवर.

साधा हिशेब करू. पाच बाय पाच मीटरचं घर, मध्ये एक आडभिंत. भिंतींची एकूण लांबी २५ मीटर, म्हणजे ८२ फूट. दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल चर घेतला तर ४१० घनफूट खोदाई होते, म्हणजे चार ब्रास. काळ्या जमिनीत पाया किमान पाच फूट न्यायचा म्हटलं तर तीच खोदाई आठ ब्रास. खोदलेली काळी माती परत चरात टाकायची नाही, मुरूम आणायचा. वर जोत्याला सळईचा बीम हवा. आपल्या गावचा जेसीबीचा, मुरमाच्या ट्रॉलीचा आणि सळईचा भाव लावून बघा. १५ हजारात बसतं का?

बसत नाही. म्हणून लाभार्थी काय करतो? पाया उथळ घेतो, जोतं दिसेल एवढं उंच करतो, फोटो काढतो, पुढचा हप्ता उचलतो. फोटोत जोतं दिसतं, पाया दिसत नाही. यात लाभार्थ्याची लबाडी नाही. योजनेची घडीच अशी आहे की जिथं सगळ्यात जास्त पैसा लागतो तिथं सगळ्यात कमी पैसा हातात येतो.

नुकसान आहे, पण आपत्ती नाही

तडा मोठा झाल्यावर माणूस तलाठ्याकडे जातो. तिथं काय होतं? राज्य आपत्ती निधीच्या निकषात पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं असेल तर ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार. पण हे कशासाठी? पूर, भूकंप, आग, गारपीट, ढगफुटी, दरड, चक्रीवादळ, दुष्काळ अशा ठरलेल्या आपत्तींसाठी. जमीन फुगली-आकसली ही त्या यादीत नाही.

दुष्काळ यादीत आहे, पण त्याची मदत पिकाची आणि जनावराची. दुष्काळात जमीन आकसून घर फुटलं तर पंचनाम्यात तो रकाना नाही. पुरात घराभोवती आठ दिवस पाणी थांबलं, त्या वेळी भिंत शाबूत होती, तडा गेला सहा महिन्यांनी. पंचनामा केव्हाच बंद झालेला असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात पडलेल्या घरांना मदत होती. उशिरा फुटणारी घरं मात्र अशा कुठल्याच पॅकेजमध्ये सापडत नाहीत.

हिंगोली परिसरात यात आणखी एक गुंता आहे. तिथं २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. लोक तेव्हापासूनचा प्रत्येक तडा भूकंपाच्या नावावर टाकतात. फरक ओळखायची खूण साधी आहे. धक्क्याने पडलेला तडा एका दिवसात पडतो आणि तसाच राहतो. मातीमुळे पडलेला तडा ऋतूप्रमाणे उघडतो-मिटतो : मे महिन्यात बोट जाईल एवढा, ऑगस्टमध्ये केसासारखा.

तडा पडलाच आहे, तर आधी काय?

पहिलं काम, घाईने भरू नका. आधी ओळखा.

• गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर तो गिलाव्याचा दोष, पायाचा नाही.

• स्लॅबच्या खाली आडवा सरळ तडा बहुधा स्लॅब उन्हाने ताणल्यामुळे असतो.

• खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपा, विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने जाणारा तडा पायाकडे बोट दाखवतो. वर रुंद, खाली अरुंद असेल तर कोपरा खाली बसतोय. खाली रुंद असेल तर मधला भाग बसलाय किंवा कड उचलली गेलीय.

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी सिमेंटने चिकटवा. काच फुटली तर भिंत अजून हलतेय. दर महिन्याला पट्टी लावून फोटो काढा. मोबाईल प्रत्येकाकडे आहे, वर्षभराचे बारा फोटो हा उद्या कुठल्याही कार्यालयात दाखवायला उत्तम पुरावा.

दुसरं काम, पाणी बाजूला करा. पायाच्या दुरुस्तीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुण देणारं काम हेच. पत्र्याचं, स्लॅबचं पाणी पन्हळीने भिंतीपासून लांब सोडा. मोरीचं पाणी भिंतीच्या मुळाशी मुरू देऊ नका. शोषखड्डा चांगलाच, पण भिंतीला खेटून नको, निदान दहा फूट लांब घ्या. नळाची गळती लगेच काढा, कारण एका कोपऱ्यात बारमाही ओल आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरड म्हणजे तडा ठरलेलाच.

मग घराभोवती तीन फूट रुंद पट्टा करा. वरची काळी माती फूटभर काढा, मुरूम टाकून धुमसाने ठोका, वर फरशी किंवा काँक्रीट, उतार बाहेरच्या बाजूला. या पट्ट्याने पाऊस आत जात नाही आणि ऊनही कडेची ओल ओढत नाही. माती जितकी एकसारखी राहील तितकं घर शांत राहील.

भिंतीजवळचं मोठं झाडही बघा. लिंब, पिंपळ, निलगिरी उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतात. नवीन झाड लावताना ते जितकं उंच होणार तितकं लांब लावा. पण जुनं मोठं झाड रागाने एकदम तोडू नका. त्याने ओढायची थांबवलेली ओल जमिनीत साठते आणि माती उलटी फुगायला लागते.

तिसरं काम, दुरुस्ती. तीही दिवाळीनंतर, थंडीत. मे महिन्यात तडा सगळ्यात रुंद असतो. तेव्हा घट्ट भरला तर पावसाळ्यात मिटायला जागा राहत नाही आणि भिंत शेजारी फुटते. पाण्याचं काम करून एक पावसाळा जाऊ द्या. तडा हलायचा थांबला किंवा अगदी कमी झाला तर टाके घाला. दर तीन-चार थरांनी सांधा खरवडायचा, तड्याच्या दोन्ही बाजूंना फूटभर जाईल अशी टोकं वाकवलेली ६ किंवा ८ मिलिमीटरची सळई बसवायची, सिमेंट-वाळूने भरायची, वर जाळी ठोकून गिलावा करायचा. नुसत्या सिमेंटपेक्षा हे कितीतरी टिकतं.

पाणी बाजूला करूनही तडा वाढतच असेल, काच पुन्हा पुन्हा फुटत असेल किंवा भिंत ओळंब्यातून गेली असेल, तर जुन्या पायाखाली नवा खोल पाया घालावा लागतो. हे काम तीन-चार फुटांच्या तुकड्यांत करतात. एक तुकडा खोदायचा, काँक्रीट भरायचं, ते पक्कं झाल्यावर लांबचा तुकडा घ्यायचा. शेजारचे दोन तुकडे एकदम कधीच नाही. पूर्ण भिंतीखाली एका दमात चर मारला तर भिंत अंगावर येते. हे काम इंजिनिअरशिवाय करू नका. पैसे वाचवायची ही जागा नाही.

नवीन पाया घालताना

जे आता बांधणार आहेत त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. माती किती फुगते हे घरीही अंदाजाने कळतं. वाळवून बारीक कुटलेली, चाळलेली माती दोन सारख्या, अरुंद काचेच्या बाटल्यांत दोन-दोन चमचे घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरा, ढवळा आणि एक दिवस ठेवा. चुलीपासून लांब आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधला थर १० खुणा आणि पाण्यातला १५ भरला तर माती ५० टक्के फुगणारी, म्हणजे धोक्याची. प्रयोगशाळेतली फुगवण चाचणी याच तत्त्वावर होते. पक्कं मोजमाप हवं असेल तर जवळच्या तंत्रनिकेतनाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विचारा.

पाया भेगा जातात त्याच्या खाली न्या. चार-पाच फुटांवर मुरूम लागत असेल तर मुरमात टेकवा. काळी माती खोलवर असेल तर खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घालतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत काळ्या जमिनीसाठीच बसवली. खांब किमान साडेतीन मीटर खोल जातो, कारण तिथं ऊन-पावसाचा फरक पोचत नाही. वर जोत्याचा बीम आणि बीमच्या खाली तीन इंच पोकळी, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का नाही.

नुसती वाळू भरली की झालं, असा एक समज आहे. वाळूतून पाणी सरळ खाली जातं आणि चर म्हणजे पाण्याची टाकी होते. त्यापेक्षा न फुगणारा पण पाणी अडवणारा मुरूम थर देऊन ठोकलेला बरा. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याच्या कामात हेच दाखवून दिलं. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दिला की खालची माती शांत राहते. म्हणजे उपाय आपल्याकडेच सापडलेला आहे आणि जुना आहे. तो घरकुलापर्यंत आलेला नाही, एवढंच.

ग्रामसभेत काय मागायचं?

शासनाची बाजूही समजून घ्यावी लागेल. प्रत्येक घराखालची माती वेगळी. जादा पैसे ठेवले तर सगळेच 'माझी जमीन काळी' म्हणतील, ही भीती अगदीच खोटी नाही. पण डोंगराळ भागाला १० हजार जादा देताना सरकारने एक गोष्ट मान्यच केली आहे : जमीन बदलली की घराचा खर्च बदलतो. मग काळ्या मातीला तोच न्याय का नाही? आणि खोटा दावा ओळखायला दोन बाटल्यांची चाचणी किंवा पाच फुटांचा एक खड्डा पुरतो.

म्हणून मागण्या चार, आणि चारही ठराव करण्यासारख्या :

१. काळ्या जमिनीवरच्या घरकुलाला पायासाठी जादा रक्कम.

२. जोत्याआधीचा हप्ता वाढवा. आणि चर उघडा असतानाच खोलीचा फोटो घ्या, मग पैसा पायातच जाईल.

३. गायरानावर किंवा नव्या जागेवर वस्ती मंजूर करण्याआधी पंचायत समितीच्या अभियंत्याने खड्डे घेऊन माती बघावी.

४. या योजनेत गवंड्यांचं प्रशिक्षण आहेच, त्यात काळ्या जमिनीतला पाया सक्तीने शिकवा.

पहिल्या दोन मागण्या राज्य आणि केंद्राच्या हातात आहेत, त्याला वेळ लागेल. तिसरी आणि चौथी तालुक्यातच होऊ शकते. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, ग्रामसभा ठरलेल्या असतात. घरकुलाच्या यादीत नाव आलं का, एवढंच विचारून आपण उठतो. नाव आलेलं घर उभं कशावर राहणार, हेही त्याच सभेत विचारायला हवं. यादीत नाव आलेल्यांनी चर खोदण्याआधी माती तपासून घ्यावी. ज्यांच्या भिंतीला आधीच तडा आहे त्यांनी आज खूण करून पहिला फोटो काढावा, आणि पावसाळ्याआधी घराभोवतीचं पाणी बाजूला काढावं.